गोळीत काय आहे, किती आहे, आणि ते कशावरून कळले?

एक्स्टसीच्या, म्हणजे एमडीएमए या नशिल्या द्रव्याच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या, गोळ्या पकडल्या गेल्या की पंचनामा होतो, मुद्देमाल सीलबंद होतो, दंडाधिकाऱ्यांसमोर नमुने काढले जातात आणि ते लाखेच्या सीलसह मुंबईतील कालिना येथील किंवा एखाद्या प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे रवाना होतात. गोव्यात ते वेर्ण्याच्या प्रयोगशाळेत जातात. काही महिन्यांनी तेथून जे परत येते त्याला न्यायालयीन बोलीत सी. ए. रिपोर्ट, म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा (केमिकल अ‍ॅनालायझरचा) अहवाल, म्हणतात. सीलची खूण जुळली, नमुन्याचे वजन अमुक, आणि निष्कर्ष एका वाक्याचा: नमुन्यात एमडीएमए आढळले. अनेकदा अहवालात याहून अधिक काही नसते. या एका वाक्यावर जामीन नाकारला जातो आणि दहा ते वीस वर्षांची शिक्षा उभी राहते. माझे म्हणणे असे की हे वाक्य अपुरे आहे. गोळीत काय आढळले याबरोबरच ते कोणत्या पद्धतींनी आढळले, किती गोळ्या तपासून आढळले, प्रत्येक गोळीत किती प्रमाणात आढळले आणि सोबत आणखी काय आढळले, हे सांगण्याचे बंधन प्रयोगशाळेवर असले पाहिजे. हे बंधन आरोपीला सूट देण्यासाठी मागितलेले नाही. ज्या शास्त्राच्या नावावर शिक्षा दिली जाते, ते शास्त्र कागदावर दिसले पाहिजे, एवढ्यासाठी ते हवे.

आधी कायद्याचा हिशेब पाहू, कारण प्रयोगशाळेतील बारकाव्यांना वजन येते ते त्यामुळे. गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५, म्हणजे आपल्या रोजच्या भाषेतला एनडीपीएस कायदा, शिक्षेचे तीन टप्पे पाडतो. अर्ध्या ग्रॅमहून कमी एमडीएमए म्हणजे अल्प प्रमाण, त्याला कमाल एक वर्ष. दहा ग्रॅमच्या वर गेले की व्यापारी प्रमाण, त्याला किमान दहा आणि कमाल वीस वर्षे, शिवाय कलम ३७ मुळे जामीन जवळजवळ अशक्य. मधल्या टप्प्यात कमाल दहा वर्षे. आता मेफेड्रॉन हे दुसरे नशिले द्रव्य पाहा. ते फेब्रुवारी २०१५ मध्ये या कायद्याच्या कक्षेत आले, आणि त्याच्या मर्यादा दोन ग्रॅम व पन्नास ग्रॅम अशा आहेत. म्हणजे वीस ग्रॅम वजनाच्या गोळ्या एमडीएमएच्या ठरल्या तर न्यायाधीशांना दहा वर्षांखाली जाताच येत नाही, आणि त्याच वीस ग्रॅममध्ये मेफेड्रॉन निघाले तर मधला टप्पा लागू होतो, जेथे परिस्थिती पाहून शिक्षा ठरवण्याची मुभा न्यायाधीशांना आहे. मुंबई-पुण्यात पोलीस, वार्ताहर आणि व्यसनी माणसे ज्याला ‘एमडी’ म्हणतात ते बहुतेक वेळा मेफेड्रॉन असते. २०२४ च्या फेब्रुवारीत कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत शेकडो किलोंच्या हिशेबाने पकडले गेले तेही हेच. युरोपात मात्र त्याच दोन अक्षरांनी एमडीएमए ओळखले जाते. तेव्हा जप्तीच्या वेळी गोळ्यांना कोणी काय म्हटले याला काहीच किंमत देता येत नाही. गोळीचा रंग, तिच्यावर उठवलेले चिन्ह, विकणाऱ्याने सांगितलेले नाव यांपैकी कशावरूनही आतला पदार्थ कळत नाही. तो रसायनशास्त्राच्या कसोट्यांवरच ठरतो, आणि त्या कसोट्या सारख्या ताकदीच्या नसतात.

पहिली कसोटी रंगाची. चिनी मातीच्या पांढऱ्या ताटलीतील खळग्यात गोळीची चिमूटभर भुकटी घ्यायची आणि तिच्यावर मार्क्विस द्रावणाचा, म्हणजे तीव्र गंधकाम्लात मिसळलेल्या फॉर्मल्डिहाइडचा, थेंब टाकायचा. एमडीएमए असेल तर काही क्षणांत गडद जांभळा रंग उमटतो आणि तो काळ्याकडे झुकतो. अँफेटॅमिन किंवा मेथँफेटॅमिन असेल तर नारिंगी-तपकिरी. ही चाचणी स्वस्त आणि झटपट आहे, आणि तपास पथकांच्या हाती असलेल्या पेटीत याच जातीची द्रावणे असतात. तिची उणीव अशी की एमडीएमएचा जवळचा नातलग असलेले एमडीए हेसुद्धा तसाच जांभळा-काळा रंग देते. म्हणून पुढे सायमनची चाचणी करतात. सोडियम नायट्रोप्रुसाइड, अ‍ॅसिटाल्डिहाइड आणि सोडियम कार्बोनेट एकत्र आले की द्वितीयक अमाइन असलेल्या एमडीएमएला निळा रंग येतो, प्राथमिक अमाइन असलेल्या एमडीएला येत नाही. पण मेथँफेटॅमिनलाही निळाच येतो. रंगाच्या चाचण्या संशय दृढ करतात किंवा दूर करतात, ओळख पटवणे हे त्यांचे काम नाही.

आणखी एक अडचण आहे, आणि ती मला सर्वांत गंभीर वाटते. एकाच गोळीत दोन-तीन द्रव्ये असली तर गडद रंग फिकट रंगाला झाकून टाकतो. थोड्याशा एमडीएमएबरोबर भरपूर मेफेड्रॉन असलेल्या गोळीवर मार्क्विसचा थेंब टाकला तर दिसते ते फक्त जांभळे-काळे, कारण मेफेड्रॉन या द्रावणाला जवळजवळ प्रतिसादच देत नाही. पीएमए आणि पीएमएमए ही एक्स्टसीच्या नावाखाली विकली जाणारी, कमी मात्रेतही जीवघेणी ठरणारी द्रव्येसुद्धा अशीच बिनरंगी निसटतात. म्हणजे ज्या द्रव्याची सर्वांत अधिक धास्ती घ्यायला हवी, नेमके तेच या कसोटीला दिसत नाही.

त्यानंतरची पायरी पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीची. सिलिकाचा थर दिलेल्या पट्टीवर नमुन्याचा आणि शेजारी प्रमाणित द्रव्याचा ठिपका देऊन पट्टी द्रावकात उभी केली की वेगवेगळी द्रव्ये वेगवेगळ्या उंचीपर्यंत चढतात. मिश्रण आहे की एकच द्रव्य, हे येथे बऱ्यापैकी कळते. निर्णायक काम मात्र गॅस क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्री यांच्या जोडयंत्राचे. भुकटी द्रावकात उतरवून तिचा अगदी सूक्ष्म अंश यंत्रात सोडला जातो, तो तापून वायुरूप होतो आणि साधारण तीस मीटर लांबीच्या, केसासारख्या बारीक नळीतून हेलियमबरोबर पुढे सरकतो. प्रत्येक द्रव्य आपापल्या वेळी बाहेर पडते आणि बाहेर पडताच इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने त्याचे तुकडे होतात. एमडीएमएच्या आलेखात सर्वांत उंच रेघ ५८ या वस्तुमानावर येते, १३५ वर दुसरी ठळक खूण असते, आणि मूळ रेणूची १९३ ची रेघ इतकी क्षीण असते की शोधावी लागते. आता लक्षात घेण्याजोगे असे की मेथँफेटॅमिनची सर्वांत उंच रेघही ५८ वरच येते आणि मेफेड्रॉनचीही ५८ वरच. फरक कळतो तो इतर तुकड्यांवरून आणि नळीतून बाहेर पडण्याच्या वेळेवरून, आणि ती वेळ त्याच दिवशी, त्याच यंत्रावर प्रमाणित नमुना चालवून पडताळलेली असावी लागते. एमडीईए आणि एमबीडीबी या एमडीएमएच्याच कुळातील दोन द्रव्यांचे तर रेणुवस्तुमानही एकच, २०७, आणि मुख्य तुकडाही एकच, ७२. मेफेड्रॉन आणि त्याचे समघटक ३-एमएमसी यांचे आलेख इतके सारखे असतात की केवळ तुकड्यांवरून त्यांना वेगळे करता येत नाही. तेथे अवरक्त वर्णपटाची जोड लागते, कारण रेणूवर एक गट कोणत्या जागी बसला आहे एवढ्या फरकानेही तो वर्णपट बदलतो.

म्हणूनच जगभर मान्यता पावलेला संकेत असा आहे की किमान दोन स्वतंत्र पद्धती वापरायच्या, आणि त्यांपैकी एक तरी रेणूच्या रचनेची माहिती देणारी, म्हणजे मास स्पेक्ट्रोमेट्री, अवरक्त वर्णपट, रामन वर्णपट किंवा एनएमआर यांच्या दर्जाची असावी. अमेरिकेतील स्विगड्रग (SWGDRUG) या तज्ज्ञगटाची वर्गवारी हेच सांगते, आणि तीत रंगाची चाचणी सर्वांत खालच्या वर्गात आहे. आपल्या प्रयोगशाळांमध्ये ही यंत्रे नाहीत असे नाही आणि ती चालवणारे जाणकार नाहीत असेही नाही. प्रश्न अहवालाचा आहे. कोणती पद्धत वापरली, प्रमाणित नमुना कोणता होता, आलेख कोठे आहे, हे अहवालात नसेल तर वकिलाला काय विचारावे ते कळत नाही, न्यायाधीशांना काय तोलावे ते कळत नाही, आणि काळजीपूर्वक केलेले काम व उरकलेले काम कागदावर अगदी एकसारखे दिसते.

तसे ते दिसल्यावर काय होते, याचे उदाहरण अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात घडले. २००९ साली मेलेंडेझ-डियाझ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर जे प्रमाणपत्र आले होते त्यात निष्कर्ष एवढाच होता की पदार्थात कोकेन आढळले. कोणत्या चाचण्या केल्या, याचा त्यात पत्ता नव्हता. असा दाखला देणाऱ्या विश्लेषकाची उलटतपासणी घेण्याचा आरोपीला हक्क आहे, असे न्यायालयाने बहुमताने ठरवले. पुढे तीनच वर्षांत त्याच राज्याच्या आरोग्य खात्याच्या बोस्टनमधील प्रयोगशाळेतले एक प्रकरण उघड झाले. तेथील एक रसायनतज्ज्ञ अनेक नमुने चाचणी न करता, नुसते पाहून ‘आढळले’ असा शेरा मारत होती. २०१७ मध्ये एकवीस हजारांहून अधिक दोषसिद्धी रद्द कराव्या लागल्या. तोवर किती माणसांनी तुरुंग भोगला असेल याचा विचार करावा. आपल्याकडे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम २९३ होते, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३२९ आहे, आणि त्यानुसार शासकीय तज्ज्ञाचा अहवाल त्याला साक्षीला न बोलावताही पुराव्यात वाचता येतो. ही तरतूद मी समजू शकतो, कारण प्रत्येक विश्लेषकाला प्रत्येक न्यायालयात हजर राहायला लावले तर प्रयोगशाळा ओस पडतील. पण तज्ज्ञ येणार नसेल तर त्याचा अहवाल स्वतःच बोलका हवा. त्यात फेरतपासणीची वाट अरुंद आहे. थाना सिंग प्रकरणात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ती अत्यंत अपवादात्मक परिस्थितीतच मिळेल आणि त्यासाठीचा अर्ज अहवाल मिळाल्यापासून पंधरा दिवसांत करावा लागेल. अहवालात पद्धतच लिहिलेली नसेल, तर अपवाद दाखवायचा तरी कशाच्या आधारे?

किती गोळ्या तपासल्या, हा पुढचा मुद्दा, आणि तो गणिताचा आहे. शंभर गोळ्यांच्या पिशवीतून तीन उचलल्या आणि तिन्हींत एमडीएमए निघाले, तर सगळ्या शंभर गोळ्या एमडीएमएच्याच आहेत असे म्हणण्यास शास्त्रीय आधार अगदी तोकडा असतो. संख्याशास्त्राचा ठरलेला हिशेब असा की शंभरांतून कोणताही पक्षपात न करता २३ गोळ्या निवडल्या आणि त्या सगळ्यांत द्रव्य सापडले, तर निदान ९० गोळ्यांत ते आहे असे ९५ टक्के खात्रीने म्हणता येते. गंमत म्हणजे हजार गोळ्या असल्या तरी त्याच खात्रीसाठी २८ पुरतात. म्हणजे मोठ्या जप्तीत कामाचा बोजा आवाक्याबाहेर जातो ही भीती खरी नाही. आपल्या २०२२ च्या जप्ती व नमुना नियमांचा भर वजनावर आहे, बहुतेक पदार्थांसाठी नमुना किमान पाच ग्रॅमचा. पावडरीला हे ठीक आहे. गोळी मात्र स्वतंत्र नग असते. एकाच पिशवीत एकाच रंगाच्या, एकाच चिन्हाच्या, पण दोन वेगवेगळ्या साच्यांतून आणि दोन वेगवेगळ्या मिश्रणांतून निघालेल्या गोळ्या असू शकतात. म्हणून तपासणीआधी प्रत्येक प्रकारच्या गोळीचा व्यास, जाडी, वजन, मधली खाच आणि साच्याने उमटवलेले ओरखडे नोंदवून गट पाडावे लागतात. सगळ्या गोळ्या एकत्र कुटून एकच भुकटी केली की हा सगळा पुरावा कायमचा नाहीसा होतो.

आता प्रमाणाकडे येतो, जेथे माझे मत प्रस्थापित कायद्याच्या विरुद्ध जाते. २००८ मध्ये ई. मायकेल राज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की शिक्षेचा टप्पा ठरवताना शुद्ध अमली द्रव्याचेच वजन धरावे. २००९ च्या अधिसूचनेने हे उलटवले, आणि २०२० मध्ये हिरा सिंग निकालात तीन न्यायाधीशांच्या पीठाने ते उलटवणे योग्य ठरवले. आता संपूर्ण मिश्रणाचे वजन धरले जाते. त्यामागील विचार असा की अमली पदार्थ बाजारात शुद्ध रूपात विकलेच जात नाहीत, समाजाला हानी करते ते मिश्रणच, आणि कायद्याचा हेतू कठोर राहण्याचा आहे. हेरॉइनच्या पुडीच्या बाबतीत हा विचार मला समजतो. गोळीच्या बाबतीत तो विपरीत फळ देतो. समजा, एकाजवळ प्रत्येकी २५० मिलीग्रॅमच्या तीस गोळ्या आहेत आणि प्रत्येकीत १२० मिलीग्रॅम एमडीएमए आहे. एकूण वजन साडेसात ग्रॅम, शुद्ध द्रव्य ३.६ ग्रॅम. दुसऱ्याजवळ ४०० मिलीग्रॅमच्या तीस गोळ्या आहेत आणि प्रत्येकीत जेमतेम ६० मिलीग्रॅम. वजन बारा ग्रॅम, द्रव्य १.८ ग्रॅम. पहिला मधल्या टप्प्यात राहतो. दुसऱ्याजवळ निम्मेच द्रव्य असूनही तो व्यापारी प्रमाणात जातो, आणि त्याला दहा वर्षांहून कमी शिक्षा कोणी देऊच शकत नाही. हा फरक घडवला लॅक्टोज, सेल्युलोज आणि मॅग्नेशियम स्टिअरेट यांनी, म्हणजे औषधाच्या दुकानातल्या कोणत्याही गोळीत असणाऱ्या निरुपद्रवी भरीने. अल्प प्रमाणाची मर्यादाही अशीच निरर्थक होते. अडीचशे मिलीग्रॅमच्या दोन गोळ्या म्हणजे बरोबर अर्धा ग्रॅम, आणि ते अर्ध्या ग्रॅमहून कमी नाही. दोन गोळ्या खिशात असलेला महाविद्यालयीन मुलगा दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या टप्प्यात जातो. व्यसनमुक्तीचे उपचार स्वीकारणाऱ्याला कलम ६४अ जे संरक्षण देते, त्याची अल्प प्रमाणाची वाटही त्याच्यासाठी बंद होते.

हिरा सिंग निकाल कायम असेपर्यंत टप्पा मिश्रणाच्या वजनावरच ठरेल. तरीही प्रमाण मोजण्याचे कारण संपत नाही. मधल्या टप्प्यात शिक्षा किती द्यायची हे न्यायाधीशांच्या हाती आहे, आणि तेथे शुद्ध द्रव्य दोन ग्रॅम होते की सात, हे त्यांना कळलेच पाहिजे. संसदेला उद्या मर्यादांचा फेरविचार करायचा झाला तर त्यासाठीही हेच आकडे लागतील, आणि आज ते गोळाच होत नसतील तर तो विचार अंदाजावर होईल. आकडा देताना तो मूळ आम्लारीचा आहे की हायड्रोक्लोराइड क्षाराचा, हेही लिहावे लागते, कारण शंभर मिलीग्रॅम क्षारात आम्लारी साधारण चौऱ्याऐंशी मिलीग्रॅमच असते. टक्केवारी लिहून एवढे सांगायचे राहिले तर तोच नमुना दोन प्रयोगशाळांत दोन आकडे दाखवील आणि आरोपीचा वकील त्यावर बोट ठेवील.

हे सर्व न्यायालयापुरते झाले. पण तपासलेल्या गोळीतून मिळालेली माहिती न्यायालयाच्या दप्तरातच पडून राहावी, हे मला पटत नाही. नेदरलँड्समध्ये १९९० च्या दशकापासून डिम्स ही व्यवस्था चालते. उत्रेख्तच्या ट्रिम्बोस संस्थेच्या देखरेखीखाली लोक गोळ्या तपासायला देतात आणि धोकादायक काही आढळले तर देशभर इशारा जातो. डिसेंबर २०१४ मध्ये सुपरमॅनचे चिन्ह असलेली एक गुलाबी गोळी त्यांच्या तपासणीत आली. तिच्यात एमडीएमए नव्हते, १७० मिलीग्रॅमच्या आसपास पीएमएमए होते. हे द्रव्य उशिरा चढते, म्हणून घेणाऱ्याला वाटते की गोळी हलकी आहे, आणि तो दुसरी घेतो. डच यंत्रणेने लगेच लाल इशारा दिला. तीच गोळी समुद्र ओलांडून इंग्लंडमध्ये पोचली होती. नाताळ ते नववर्ष या काळात सफोक परगण्यात आणि टेलफर्डमध्ये मिळून चार जण मरण पावले. माहिती शेजारच्या देशात तयार होती, ती वेळेत पोचली नाही.

गोळीतला माल असा का बदलतो, हेही समजून घेतले पाहिजे. २००८ साली कंबोडियात सॅफ्रोलयुक्त तेलाचा तेहतीस टनांचा साठा जाळण्यात आला. एमडीएमएचा तो कच्चा माल. त्यानंतरच्या काळात युरोपातील एक्स्टसीच्या गोळ्यांत एमडीएमए दुर्मिळ झाले आणि त्याच चिन्हांच्या, त्याच रंगांच्या गोळ्यांत एमसीपीपीसारखी भलतीच द्रव्ये भरली गेली. पुढे नवा कच्चा माल मिळाला आणि गोळ्या पूर्वीपेक्षा कितीतरी तीव्र झाल्या. १५० मिलीग्रॅमच्या पुढची मात्रा तेथे आता नवलाची राहिलेली नाही. डिसेंबरअखेर हणजुणे-वागातोरच्या किनारपट्टीवर येणाऱ्या गोळ्या याच बाजारातून फिरत येतात. त्या पकडल्या जातात, तपासल्या जातात, आणि त्यांत काय होते हे म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयातील किंवा बांबोळीच्या गोमेकॉतील, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयातील, आपत्कालीन विभागाच्या डॉक्टरला कळवण्याची कोणतीही ठरलेली वाट नाही. अंगात १०५ अंश ताप घेऊन आलेल्या, जबडा आवळलेल्या मुलाने नेमके काय घेतले असेल, याचा अंदाज तो डॉक्टर मित्रांच्या सांगण्यावरून बांधतो.

असे इशारे दिले तर नशेला प्रोत्साहन मिळेल, हा आक्षेप प्रामाणिकपणे घेतला जातो आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. मी येथे महोत्सवाच्या दारात तपासणीचा तंबू ठोकण्याची मागणी करत नाही, तो वेगळा आणि मोठा वाद आहे. जप्त झालेल्या गोळीत पीएमएमए आढळले, तिचा रंग, आकार व चिन्ह असे होते, एवढे रुग्णालयांना आणि जनतेला सांगणे म्हणजे प्रोत्साहन नव्हे. विषारी दारूने माणसे दगावली की आपण त्या भागात दवंडी पिटतो. ती पिटताना दारूबंदीचे धोरण सैल झाले असे कोणी म्हणत नाही.

दुसरा आक्षेप कामाच्या ताणाचा, आणि तो अधिक खरा आहे. प्रयोगशाळांत नमुन्यांचे ढीग साचतात, पदे रिक्त राहतात, प्रमाणित द्रव्ये महाग असतात आणि ती मागवण्याच्या परवानग्या वेळखाऊ असतात. आरोपपत्र सी. ए. रिपोर्टशिवाय पूर्ण मानावे की अपूर्ण, यावर उच्च न्यायालयांची मते वेगवेगळी आहेत, आणि हा प्रश्न उभा राहतो तोच मुळी अहवाल आरोपपत्रासाठीच्या १८० दिवसांतही येत नाहीत म्हणून. अशा प्रयोगशाळेवर आणखी काम लादू नका, असे कोणी म्हटले तर त्यात तथ्य आहे. पण मी जे मागतो त्यातले बरेचसे काम आजही होते, फक्त ते लिहिले जात नाही. यंत्राने काढलेला आलेख विश्लेषकाच्या संगणकात असतो. तो अहवालाला जोडायला नवे पद लागत नाही. वापरलेल्या पद्धतींची नावे, तपासलेल्या गोळ्यांची संख्या, निवडीची रीत आणि प्रमाणित नमुन्याचा क्रमांक एका पानात मावतो. खरे अधिकचे काम प्रमाण मोजण्याचे आहे, आणि ते व्यापारी प्रमाणाच्या प्रकरणांपासून सुरू करता येईल, कारण दहा वर्षांचा प्रश्न तेथे आहे. त्यासाठी लागणारा निधी राज्य सरकारने द्यावा. अंमली पदार्थविरोधी मोहिमांच्या पत्रकार परिषदांत ज्या मालाची किंमत कोटींत सांगितली जाते, त्या मालाच्या तपासणीसाठी काही लाखांची प्रमाणित द्रव्ये नाहीत, हे उत्तर मान्य करता येणार नाही.

अहवालाचा नमुना बदलण्यासाठी संसदेकडे जाण्याची गरज नाही. महाराष्ट्रात न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा संचालनालय गृह विभागाच्या अखत्यारीत आहे, आणि एका परिपत्रकाने नवा नमुना सर्व प्रादेशिक प्रयोगशाळांत लागू करता येईल. आरोग्य खात्याला इशारा कळवण्याची रीतही त्याच परिपत्रकात बसेल: कोणते द्रव्य आढळले की चोवीस तासांत कळवायचे, कोणाला कळवायचे, आणि आरोपीचे किंवा प्रकरणाचे नाव त्यात कोठेही येणार नाही याची जबाबदारी कोणाची. गोळ्यांसाठी शुद्ध द्रव्याच्या वजनावर टप्पे ठरवण्याची दुरुस्ती मात्र दिल्लीतच व्हावी लागेल. तिची मागणी करणाऱ्या खासदाराच्या हाती निदान महाराष्ट्रातील दोन-तीन वर्षांचे मोजलेले आकडे असावेत, आणि ते जमवण्याचे काम पुढच्या सीलबंद पाकिटापासूनच सुरू करता येईल.